जुनाट अपचन आणि पथ्य : दोन शतकांची पार्श्वभूमी

जुनाट अपचनाच्या रुग्णाला सांगितले जाणारे पथ्य गेल्या दोनशे वर्षांत वारंवार बदलले, ते मुख्यतः आजाराच्या कारणाविषयीची वैद्यकाची समजूत बदलत गेल्यामुळे. रुग्ण काय खातो आणि त्यानंतर त्याला नेमके काय होते, याची पद्धतशीर तपासणी बरीच उशिरा सुरू झाली.

तिची एक सुरुवात मात्र जुनी आहे. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात बंदुकीचा बार लागला आणि जखम भरल्यानंतरही जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्या छिद्रातून आत सोडून, ते किती वेळात विरघळतात याच्या नोंदी ठेवल्या आणि १८३३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. (सेंट मार्टिनने यात किती सोसले, हा वेगळा आणि अस्वस्थ करणारा विषय आहे.) स्निग्ध अन्न उशिरा पचते आणि रागामुळे पचन बिघडते, ही त्यांची निरीक्षणे आजही टिकून आहेत.

पुढचे शतक आम्लाभोवती फिरले. शिकागोचे बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ मध्ये जठरव्रणासाठी (जठराच्या आतील जखमेसाठी) दर तासाला दूध-साय आणि जोडीला अल्कली देण्याची पद्धत मांडली. तिच्या प्रभावाखाली पोटाच्या इतर तक्रारींनाही मऊ, बेचव अन्न सांगितले जाऊ लागले. प्रत्यक्षात दुधातील प्रथिने व कॅल्शियम आम्लाचा स्राव वाढवतात, हे पुढे सिद्ध झाले. १९८२ मध्ये पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला; बहुतेक व्रणांमागे तोच असल्याचे पुढे स्पष्ट झाले, तेव्हा व्रणासाठीच्या पथ्याचा आधारच गेला.

उरले ते रुग्ण, ज्यांच्या दुर्बीण तपासणीत व्रण वगैरे काहीच सापडत नाही. २००६ च्या ‘रोम ३’ या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांनी त्यांच्या तक्रारींचे दोन गट केले: जेवणानंतर पोट गच्च होणे किंवा चार घासांतच भरणे, आणि वरच्या पोटात दुखणे वा जळजळणे. जेवणाशी थेट बांधलेला पहिला गट मान्य झाल्याने आहाराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. लहान आतड्यात स्निग्धांश पोहोचला की जठराच्या ताणाची जाणीव तीव्र होते, हे प्रयोगांतून दिसलेच होते. पण २००३ च्या एका अभ्यासात, जेवण स्निग्ध आहे असे नुसते सांगितल्यानेही रुग्णांचा त्रास वाढला. तिखटाबाबतचा निष्कर्ष तर अपेक्षेच्या उलट निघाला: २००२ च्या एका छोट्या इटालियन चाचणीत पाच आठवडे रोज अडीच ग्रॅम लाल मिरचीची पूड घेणाऱ्यांच्या तक्रारी घटल्या. तेवढ्यावरून सर्वांना मिरची सुचवणे धाडसाचे ठरेल.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून २००५ पासून पुढे आलेला ‘लो फॉडमॅप’ आहार, ज्यात गहू, कांदा, कडधान्ये यांतील आंबणारी कर्बोदके कमी केली जातात, मूळचा आतड्याच्या तक्रारींसाठीचा आहे. अपचनासाठी तो अलीकडे अजमावला जात आहे. काही आठवड्यांनी वगळलेले पदार्थ एकेक करून पुन्हा सुरू करणे हा त्याचा आवश्यक भाग असून, व्यवहारात नेमका तोच बऱ्याचदा राहून जातो.