पंधरा टक्क्यांवर उभे राहिलेले घरचे धंदे

जाहिरात एजन्सी हा मुळात उधारीचा धंदा. वर्तमानपत्राकडून जागा घ्यायची, ती ग्राहकाला द्यायची, वर्तमानपत्राचे पैसे मुदतीत भरायचे आणि ग्राहकाकडून ते सवडीने येईपर्यंत वाट पाहायची. मधल्या काळात अडकतो तो एजन्सीचा पैसा. पुण्याच्या पेठांमध्ये दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चाललेल्या एजन्सी का टिकल्या आणि त्यांच्याच शेजारच्या का बुडाल्या, हे कळायला आधी ही रचना कुठून आली ते पाहावं लागतं. मी अशाच एका घरात वाढलो, त्यामुळे यातलं काही आतून सांगतो आहे.

जाहिरातीचा दलाल ही कल्पना जुनी. अमेरिकेत १८४० च्या दशकात व्होल्नी पामर फिलाडेल्फियात वर्तमानपत्रांतली जागा विकत असे आणि त्याचं कमिशन ग्राहक नव्हे, वर्तमानपत्रं देत. आपल्याकडे हीच पद्धत स्थिरावली. १९३९ मध्ये वृत्तपत्रांच्या मालकांची ‘इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटी’ स्थापन झाली. तिलाच आज आयएनएस, म्हणजे ‘इंडियन न्यूजपेपर सोसायटी’, म्हणतात. या संस्थेची मान्यता मिळाली की एजन्सीला सदस्य वृत्तपत्रांकडून १५ टक्के कमिशन आणि ठरावीक मुदतीची उधारी मिळू लागते. मुदत चुकवत राहिलं, तर मान्यता जाऊ शकते. म्हणजे एका वर्तमानपत्राशी वाकडं झालं, तर सगळ्यांची दारं बंद होण्याची धास्ती.

आता हिशेब करून पाहा. एक लाखाची जाहिरात छापली तर ८५ हजार वर्तमानपत्राचे, १५ हजार एजन्सीचे. ग्राहकाने हात वर केले, तरी ८५ हजार भरायचेच. तेवढी रक्कम पुन्हा मिळवायची तर साडेपाच लाखांहून जास्त धंदा करावा लागतो, आणि तोही जागेचं भाडं, पगार, विजेचं बिल धरलेलं नसताना. जुनी मंडळी जाहिरातीच्या मजकुरापेक्षा वसुलीवर जास्त बोलायची, त्याचं कारण या आकड्यांत आहे. ‘जाहिरात लिहिणारा मिळतो, पैसे आणणारा मिळत नाही,’ हे वाक्य आमच्या घरात जेवताना ऐकलेलं आहे.

पुण्यात एजन्सी येण्याआधी जाहिरात होतीच. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा हा छापखाना सुरू झाला आणि रंगीत शिळाछापाची चित्रं घरोघरी पोहोचली. ‘केसरी’ १८८१ चा. त्या काळात दुकानदार किंवा औषधवाला थेट छापखान्यात जाऊन मजकूर द्यायचा. मध्ये कोणी लागत नसे. कारखानदारांपैकी किर्लोस्करांनी तर वेगळीच वाट धरली. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, ते कारखान्याचं मुखपत्र म्हणून. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचं शिक्षण घेतलेले होते. नांगराची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायला निघालेलं ते पत्र पुढे महाराष्ट्राचं एक मोठं मासिक झालं. मला हा आपल्याकडच्या जाहिरातीच्या इतिहासातला फार मोलाचा टप्पा वाटतो. आपल्या मालाबद्दल बोलताना वाचकाला काहीतरी वाचनीय द्यायला हवं, हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं.

मुंबईत गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही एजन्सी १९०५ पासून होती. पुण्यात एजन्सीची गरज खऱ्या अर्थाने भासू लागली ती शहराला मोठं दैनिक मिळाल्यावर. १ जानेवारी १९३२ रोजी नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ सुरू केला. रोज वाचला जाणारा अंक म्हणजे रोज लागणारी जाहिरात, आणि ती घेऊन रोज चकरा मारायला दुकानदाराला वेळ कुठला? मग त्याच्या वतीने मजकूर बसवणारा, चित्रकाराकडून डिझाइन करून घेणारा, ब्लॉक तयार करवून आणणारा माणूस लागू लागला. अशा माणसांनी घरातल्याच पुढच्या खोलीत टेबल टाकलं. फर्मची पाटी नंतर लागली.

ब्लॉक म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर कोरलेली जाहिरात, लाकडाच्या ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकलेली. प्रत्येक ठोकळ्याच्या कडेवर शाईने दुकानाचं नाव आणि कॉलमची रुंदी लिहिलेली असे. एकच ब्लॉक पुण्यातल्या एका वर्तमानपत्राकडून उचलून दुसऱ्याकडे, तिथून एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला. तो हरवला तर खर्च एजन्सीचा. म्हणून कोणता ब्लॉक कुठे आहे याची वही असायची. तशीच शिस्त रिलीज ऑर्डरच्या, म्हणजे वर्तमानपत्राला जाहिरात छापायला सांगणाऱ्या कागदाच्या, कार्बन लावलेल्या पुस्तकाची: तारीख, आवृत्ती, पान, उंची गुणिले कॉलम, दर. आणि जाहिरात छापून आली की व्हाउचर कॉपी, म्हणजे त्या दिवसाचा अंक. तो बिलाला जोडल्याशिवाय ग्राहक पैसे देत नसे. नव्या माणसाला कामावर घेतलं की पहिले काही महिने त्याला फक्त व्हाउचर कॉप्या लावायला बसवत. कंटाळवाणं काम, पण त्यात कोण कुठे किती जाहिरात करतो हे सगळं शहर डोळ्यांखालून जायचं.

१ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर. पुण्यातल्या लहान एजन्सीला आवाजाचं माध्यम पहिल्यांदा परवडलं. सिनेमागृहांतल्या काचेच्या स्लाइड तर होत्याच. १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती आल्या, तेव्हा मात्र तो खेळ मुंबईच्या एजन्सींचा राहिला.

पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांबाबतही तसंच झालं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून पिंपरीत, पुढे आकुर्डीला बजाज. पण देशभर दिसणाऱ्या मोठ्या मोहिमा मुंबईत ठरायच्या. पुण्याच्या घरगुती एजन्सीकडे यायच्या त्या भरतीच्या जाहिराती, निविदा, वार्षिक सभेच्या नोटिसा, वकिलांच्या जाहीर नोटिसा. दिसायला रूक्ष, पण वर्षभर चालणारं काम. ज्यांनी हे काम कमी दर्जाचं मानलं नाही, त्यांची घरं मंदीतही चालली, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच रांगेतलं, पण सगळ्यांत नाजूक काम निधनवार्ता आणि श्रद्धांजलीचं. संध्याकाळी उशिरा फोन येतो, अंक छापायला जायची वेळ जवळ आलेली असते. फोटो लग्नाच्या अल्बममधून कापलेला. ‘शोकाकुल’खाली कोणाची नावं, कोणत्या क्रमाने, हा प्रश्न त्या घरासाठी जाहिरातीहून मोठा असतो. परदेशातल्या मुलाचं नाव आधी की सांभाळणाऱ्या मुलीचं, वेगळ्या झालेल्या सुनेचं नाव घालायचं का, हे आपण सुचवायचं नसतं. आमच्याकडे पद्धत होती, मजकूर दोघांनी वाचायचा: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून. दशक्रिया विधीची वेळ आणि ठिकाण दोनदा वाचायचं. मग घरातल्या एकाच जबाबदार माणसाची सही घ्यायची. या कामात पैसा थोडा, पण त्या घरातला कोणी पुढे दुकान काढतो, शाळा चालवतो, सोसायटीचा अध्यक्ष होतो, तेव्हा तो आपल्याचकडे येतो. मी हे धंद्याचं गणित म्हणून सांगतो आहे, पण माझ्या वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी ते माणुसकीचं काम म्हणूनच सांगितलं असतं आणि ते बरोबर होतं.

नव्वदच्या दशकात शहर कोथरूड, औंध, बाणेरच्या दिशेने पसरलं आणि बांधकाम व्यावसायिक पानंच्या पानं घेऊ लागले. एजन्सींची उलाढाल फुगली. इथेच बरीच घरं अडकली. एकाच मोठ्या ग्राहकावर निम्मा धंदा, त्याच्या फ्लॅटचं बुकिंग थांबलं की आपली बिलं थांबली. आमचीही एका बांधकाम व्यावसायिकाकडे मोठी रक्कम राहिली आणि वर्तमानपत्रांचे पैसे फेडायला आईचे दागिने गहाण पडले. जुन्या लोकांचा नियम त्याआधीच ठरलेला होता: गणपतीपर्यंतचं येणं चुकतं झाल्याशिवाय दसऱ्याचं पान बुक करायचं नाही. मधल्या पितृपंधरवड्यात लोक खरेदी टाळतात, जाहिराती थंडावतात. तो पंधरवडा वसुलीच्या फेऱ्यांसाठी राखलेला असे. दसऱ्याला जागा हवी असते, तेव्हा ग्राहक पैसे देतो. दिवाळी उलटल्यावर त्याच्याकडे जाण्यात हशील नसतं.

त्याच सुमारास संगणक आला. डीटीपी, म्हणजे संगणकावरच मजकूर जुळवणं आणि पान मांडणं; मराठी फाँट; आणि ते देणारं ‘श्रीलिपी’ हे सॉफ्टवेअर. ते बनवणारी कंपनीही पुण्यातलीच. ब्लॉकवाले आणि हाताने अक्षरं काढणारे कलाकार काही वर्षांत दिसेनासे झाले. त्यांतले काही फार मोठ्या हाताचे होते.

घरचा धंदा म्हटलं की वाटणीही आली. दोन भाऊ वेगळे होतात तेव्हा टेबलं वाटता येतात, ग्राहक वाटता येतात, मान्यता वाटता येत नाही. ती फर्मच्या नावावर असते. ज्याच्याकडे फर्म राहिली तो कमिशन मिळवतो, दुसऱ्याला त्याच्याच मार्फत जाहिराती सोडाव्या लागतात, किंवा नव्याने मान्यता मिळवण्याच्या खटपटीत काही वर्षं जातात. शिवाय हिशेब बहुधा घरातल्या बाईकडे असत, भागीदारीच्या कागदावर मात्र तिचं नाव नसे. वाद झाला की कोणाकडून किती येणं आहे हे फक्त तिलाच ठाऊक, आणि तिला बोलायचा हक्क नाही. वेळेत तिचं नाव कागदावर घेणारी घरं शहाणी ठरली.

गेल्या काही वर्षांत पायाच हलला. १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाचं नियमन करणारा कायदा, पूर्ण लागू झाला आणि नोंदणीशिवाय गृहप्रकल्पाची जाहिरात करणं बंद झालं; १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. जुलै २०१७ पासून जीएसटी आला: छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के, इतर बहुतेक सेवांवर १८. बिल फाडलं की कर देय होतो, ग्राहकाचे पैसे आले असोत वा नसोत. म्हणजे उधारीत आता सरकारच्या कराचीही रक्कम अडकू लागली. २०२० च्या टाळेबंदीत अंकच घरोघरी पोहोचेनात.

आणि डिजिटल जाहिरातीत ग्राहक स्वतःचं कार्ड लावून थेट पैसे भरतो. तिथे लहान एजन्सीला वर्तमानपत्रासारखं १५ टक्के कोणी देत नाही. पण उधारीही अंगावर येत नाही. घेता येते ती फी, दरमहा ठरवून, कामाचं नाव लिहून. जुन्या ग्राहकाला ती मागणं जड जातं, कारण पन्नास वर्षं त्याला वाटत आलं की एजन्सीचं काम फुकट असतं, पैसे पेपरवाले देतात. पुण्यातल्या तिसऱ्या पिढीतले कित्येक जण आज फी आगाऊ घेतात. वडिलांच्या ग्राहकांकडून ती मागायला मात्र अजून वडीलच जातात.