वेदना, भाषा आणि अवकाशभान : मज्जासंस्थेतील प्रक्रिया

वेदना जाणवणे, भाषा समजणे व बोलणे, आणि स्वतःचे शरीर व भोवतालची जागा यांचे भान राखणे ही मज्जासंस्थेची तीन कार्ये आहेत. पाठ्यपुस्तकांत ती वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. मेंदूत मात्र त्यांची जाळी एकमेकांत गुंतलेली असतात आणि पक्षाघाताच्या रुग्णात ही गुंतागुंत उघड होते. प्रस्तुत नोंदीतील बहुतेक उदाहरणे सोलापूरच्या नित्य व्यवहारातील आहेत.

ज्वारीची भाकरी उलटताना बोट तव्याला टेकले, तर हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो. त्वचेतील वेदनाग्राही तंतूंचा संदेश मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंच्या दोरात) पोहोचताच तेथूनच स्नायूंना आज्ञा सुटते. ती मेंदूच्या निर्णयासाठी थांबत नाही. मेंदूकडे जाणारा संदेश दोन प्रकारच्या तंतूंतून जातो. मायलिन या मेदयुक्त द्रव्याचे पातळ आवरण असलेले ए-डेल्टा तंतू तो सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने नेतात, तर आवरण नसलेल्या सी तंतूंचा वेग जेमतेम २ मीटरपर्यंत असतो. म्हणूनच आधी तीक्ष्ण कळ येते आणि मागून रेंगाळणारी आग सुरू होते. हे संदेश मेरुरज्जूत बाजू बदलून मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये येतात. तेथून पुढे संवेदी बाह्यक (मेंदूच्या वरच्या थरातील संवेदनांचा भाग) दुखण्याची जागा व तीव्रता ठरवते, तर इन्सुला आणि सिंग्युलेट बाह्यकाचा पुढचा भाग हे मेंदूच्या आतल्या बाजूचे भाग त्या दुखण्यातला त्रास, नकोसेपणा निर्माण करतात.

शेंगाचटणीसाठी मिरची कुटणाऱ्या हाताची जी आग होते, तिच्यामागे खरोखरीची उष्णता नसते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला (मज्जातंतूवरील संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) उद्दीपित करते आणि हाच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो; त्यामुळे मेंदूपर्यंत भाजल्याचाच संदेश जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राही ओळखला आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. नुसते पाणी ओतून आग शमत नाही, त्याचे कारण हेच.

आपटलेले कोपर चोळल्यावर बरे वाटते, याचे स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांतात मिळते : स्पर्शाचे जाड तंतू मेरुरज्जूतील वेदनेची वाट अंशतः रोखतात. सिद्धांताच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, परंतु मेंदूही वरून ही वाट कमीअधिक रोखू शकतो, ही गोष्ट पक्की ठरली. इजा किती झाली त्याच प्रमाणात दुखले पाहिजे, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे आणि रुग्णावर अन्याय करणारी आहे.

भाषेची मुख्य केंद्रे बहुतेकांत मेंदूच्या डाव्या अर्धात असतात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ९५ टक्के मानले जाते. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये उच्चाराशी आणि कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये आकलनाशी निगडित भाग दाखवून दिले. आज ही दोन केंद्रे एका विस्तृत जाळ्याचे भाग समजली जातात. सोलापूरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न बहुभाषिकतेचा आहे. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू शेजारीशेजारी नांदतात; घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि नातेवाइकांत कन्नड असा भाषाबदल अनेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. एका मेंदूतील अनेक भाषा बऱ्याच अंशी सामाईक भागांवर चालतात. त्यामुळे पक्षाघातानंतर त्या बहुधा बरोबरीने बिघडतात व बरोबरीने सुधारतात; काही रुग्णांत मात्र एखादी भाषा आधी परतते आणि दुसरी मागे राहते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्त रुग्णांपैकी द्विभाषिकांत लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले. रुग्णाची फक्त मराठीत तपासणी करून वाचाघाताचे (मेंदूच्या इजेने भाषा बिघडण्याचे) स्वरूप ठरवणे सोलापुरात अपुरेच ठरेल.

अवकाशभानात दोन गोष्टी येतात : वाटेची ओळख आणि शरीराचा तोल. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात) विशिष्ट जागी पोहोचल्यावरच उद्दीपित होणाऱ्या पेशी आढळल्या, तर मे-ब्रिट व एडवर्ड मोसर यांच्या गटाने २००५ मध्ये जागेची जाळीदार आखणी करणाऱ्या पेशी शोधल्या; २०१४ चे नोबेल या तिघांना मिळाले. तोल हे वेगळे काम आहे. सिद्धेश्वर यात्रेत उंच नंदीध्वज पेलून चालणाऱ्या मानकऱ्याच्या आंतरकर्णातून, डोळ्यांतून, स्नायू व सांध्यांतून येणारी माहिती मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा देठ) आणि अनुमस्तिष्क (लहान मेंदू) क्षणोक्षणी जुळवत असतात.

मेंदूच्या उजव्या पार्श्विक खंडाला (वरच्या-मागच्या भागाला) इजा झाली तर रुग्णाचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. त्याची दृष्टी शाबूत असली तरीही. आपल्याकडे ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी वाढतात. असा रुग्ण भाजी संपवतो, चटणी-कोशिंबिरीला हातही लावत नाही आणि वाढले नाही म्हणून तक्रार करतो; ताट फिरवले की तेच पदार्थ खातो. घरच्यांना हा हट्ट वाटतो, प्रत्यक्षात तो आजार असतो.

अवकाशभानाचा परिणाम वेदनेवरही होतो. निरोगी माणसाने हात एकमेकांवरून उलट बाजूंना ठेवले असता हाताला दिलेली वेदना किंचित कमी जाणवते, असे प्रयोगांत दिसले आहे. कारण कोणता हात आणि कोणती बाजू हा मेंदूतील मेळ तेवढ्यापुरता बिघडतो. वेदना आणि भाषा यांचा संबंध उपचाराच्या वेळी कळीचा ठरतो. ठणका, चमक, भगभग अशा वर्णनांवरून डॉक्टर दुखण्याचा उगम ऊतीत आहे की खुद्द मज्जातंतूत, याचा अंदाज बांधतात. वाचाघात झालेल्या रुग्णाकडे हे वर्णन नसते. पक्षाघातानंतर खांदा दुखणे सर्रास आढळते आणि थॅलॅमसच्या इजेने अर्ध्या अंगात जळजळ सुरू होऊ शकते. अशा वेळी कपाळावरच्या आठ्या, हात हलवताच आखडणारे अंग, उडालेली झोप यांची नोंद ठेवावी लागते आणि ‘दुखते का?’ हा प्रश्न रुग्णाच्या प्रत्येक भाषेत, बोटाने जागा दाखवत, पुन्हा विचारावा लागतो.