मॅग्लेव्ह की हायपरलूप? एकीत चाक जातं, दुसरीत हवा

मुंबई-पुणे हायपरलूपचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे जपानची ती चुंबकावरची गाडी ना?" नाही. ती मॅग्लेव्ह. दोन्हींची गल्लत होते, कारण दोन्हींत डबा अधांतरी असतो.

पेन्सिलीत दोन गोल चुंबकं ओवून बघा. सारखे ध्रुव समोरासमोर आले की वरची चकती तरंगत राहते. बोटाने दाबली तर खाली जाते, सोडली की पुन्हा वर. मॅग्लेव्हमध्ये चुंबकांची रचना याहून खूप गुंतागुंतीची असते, पण हेतू एकच: चाक आणि रूळ यांचा संबंध तोडायचा. शांघायमध्ये 2004 पासून अशी गाडी प्रवाशांना विमानतळावर नेते-आणते. जपानच्या गाडीने 2015 मध्ये चाचणीत ताशी 603 किलोमीटर गाठले. तीही सुरुवातीला रबरी चाकांवरच धावते, पुरेसा वेग आला की सुमारे 10 सेंटिमीटर वर उचलली जाते.

चाक गेलं, तरी हवा राहतेच. धावत्या एसटीच्या खिडकीशी तळहात आडवा धरला की ती जाणवते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला आठपट शक्ती लागते. मॅग्लेव्ह हे सगळं सोसत उघड्यावर धावते.

हायपरलूपचं सगळं लक्ष या हवेवर आहे. बंद नळीतली हवा उपसून दाब बाहेरच्या साधारण हजारपट कमी करायचा आणि त्यातून डबा सोडायचा. इलॉन मस्क यांनी 2013 मध्ये मांडलेल्या आराखड्यात डबा तरंगत ठेवायला चुंबकं नव्हतीच, हवेची पातळ गादी होती. चुंबकं नंतरच्या कंपन्यांनी घेतली आणि घोळ तिथून वाढला.

(मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन या दोन्हींत बसत नाही. ती रुळांवर, चाकांवरच धावणार आहे.)

माझ्या मते खरी अडचण नळीची आहे. 100 किलोमीटर लांबीची पोलादी नळी तापमान 20 अंशांनी वाढलं की सुमारे 24 मीटर लांबायला बघते. म्हणजे नळीचे सांधे हलतेही असायला लागतात आणि हवाबंदही! 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या व्हर्जिन हायपरलूप वनशी मुंबई-पुणे मार्गाचा करार केला, तिने 2020 मध्ये नेवाडात 500 मीटरच्या नळीतून दोन माणसं नेली, ताशी 172 किलोमीटरने. 2023 अखेर कंपनीच बंद पडली. आयआयटी मद्रासमध्ये सुमारे 400 मीटरच्या नळीवर काम सुरू आहे आणि ते व्हायलाच हवं.

बोरघाटात तासभर अडकलेल्या माणसाला 25 मिनिटांत पुणं हवंसं वाटणारच, मलाही वाटतं. पण वेगाआधी मी माणसं मोजते. मस्क यांच्या आराखड्यात एका डब्यात 28 जण, दर दोन मिनिटांनी एक डबा. म्हणजे एका दिशेने तासाला 840. गर्दीच्या वेळी मुंबईच्या एकाच लोकलमध्ये याहून कितीतरी जास्त माणसं असतात.