इंदूरचा शिक्का, निशाण आणि पोलिसाचा बिल्ला : आधी मागचं बघू

भाचा डिझाईन शिकतोय. त्याला असाइनमेंट मिळालीय, आपल्या गावासाठी नवा शिक्का, नवा झेंडा आणि पोलिसांच्या बाहीवरचा पॅच असं तिन्ही एका सेटमधे करून आणा. परवा रात्री फोन आला, "मामा, इंदूरचं काय दाखवू? राजवाडा सगळेच काढणार, मी पोहे-जिलबी घेऊ का?" म्हटलं, अरे पोलिसाच्या दंडावर जिलबी शिवलीस तर पलासियाच्या चौकात लोक चलान भरायच्या आधी हसून घेतील. पण मग वाटलं नुसती चेष्टा करून सोडण्यापेक्षा मागचं सगळं एकदा लिहूनच काढावं, कारण इंदूरच्या मराठी घरांतसुद्धा "होळकरांचा सूर्य" एवढंच माहीत असतं, तो सूर्य कुठून आला विचारलं की विषय सराफ्यातल्या खाण्यावर जातो.

पहिली गोष्ट म्हणजे हा तीन वस्तूंचा सेट मुळात अमेरिकन पद्धतीचा आहे. तिकडे शहराचं पोलीस खातं शहराचंच असतं, त्यामुळे नगर परिषदेने ठरवलं की शिक्का, झेंडा, पॅच एका झटक्यात बदलता येतात. आयडाहो राज्यात पोकाटेलो नावाचं गाव आहे, २००४ च्या एका पाहणीत त्यांचा झेंडा अमेरिकेतल्या दीडशे शहरांत सगळ्यात वाईट ठरला, त्याच्यावर चक्क ट्रेडमार्कची खूण छापलेली होती, शेवटी २०१७ मधे त्यांनी नवा केला. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट्सबरोने त्याच वर्षी शिक्का बदलला, कारण जुन्यात एक गोरा माणूस एका मूळनिवासी माणसाला कुस्तीत मागे रेटतोय आणि हात त्याच्या गळ्याशी आहेत असं दिसायचं. आपल्याकडे हे असं होऊच शकत नाही. पोलीस हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय, महापालिका वेगळी, आणि डिसेंबर २०२१ मधे इंदूरला कमिश्नर सिस्टिम आली तरी गणवेशावर काय असावं ते ठरणार भोपाळलाच. म्हणजे इंदूरच्या महापौरांना पोलिसाच्या बाहीवरचा एक टाकासुद्धा बदलता येत नाही.

गंमत अशी की एके काळी हे तिन्ही इथल्या इथेच ठरत होतं. पण तेव्हाही एका टेबलावर नाही. शिक्का दफ्तरातून आला, निशाण फौजेतून आलं आणि बिल्ला चावडी-कोतवालीतून, आणि या तिघांची तोंडं बराच काळ एकमेकांसारखी नव्हतीच.

शिक्क्याचं आधी. आजचा डिझायनर शिक्का म्हटलं की गोल काढतो आणि मधे चित्र बसवतो. मराठी राज्यातला शिक्का म्हणजे चित्र नाही, वाक्य. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत "प्रतिपच्चंद्रलेखेव" आहे पण चंद्राची कोर कोरलेली नाही, ती श्लोकात आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात "श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान" आणि मग आपलं नाव, म्हणजे मी कोण हे सांगायच्या आधी मी कोणाचा ते सांगायचं. सरदारांच्या शिक्क्यांचाही ठरलेला साचा, अमुक देवाच्या चरणी तत्पर, अमक्याचा सुत अमुक, निरंतर. आणि शिक्का एकटा नसायचा, कागदाच्या डोक्याला शिक्का आणि मजकूर संपला की खाली छोटं मोर्तब, "मर्यादेयं विराजते" वगैरे, म्हणजे इथे लिखाण संपलं, याच्या खाली कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या आमच्या नाहीत. आपण शिक्कामोर्तब झालं म्हणतो ते या दोन ठशांवरून. (भाच्याला सांगितलं, तर म्हणे म्हणजे टू-फॅक्टर. असो.)

अहिल्याबाईंनी तर यात स्वतःचं नावही ठेवलं नाही. १७६७ ते १७९५ राज्य केलं, महेश्वरी बसून, आणि हुकमांवर "श्री शंकर". राज्य शंकराचं, आपण कारभारी, अशी ती भूमिका. सही नसणे हीच सही.

मग चित्र आलं कुठून? माझ्या मते नाण्यांवरून. होळकरांची नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडायची, शाहआलमच्या, फारसी अक्षरांत, सगळ्यांचीच तशी पडायची. मग हे नाणं कोणाच्या टांकसाळीचं ते बाजारात कसं कळणार? सराफाला फारसी वाचता येतंच असं नाही. म्हणून कोपऱ्यात एक खूण. मल्हारनगरच्या म्हणजे इंदूरच्या टांकसाळीची खूण सूर्य, चेहरा असलेला, डोळे-नाक-तोंड सगळं असलेला. महेश्वरची खूण शिवलिंग आणि बेलाचं पान. म्हणजे आज ज्याला आपण राजचिन्ह म्हणतो ते सुरुवातीला टांकसाळीचं चिन्ह होतं, आजच्या भाषेत मॅन्युफॅक्चररचा मार्क. पुढे शिवाजीराव होळकरांच्या तांब्याच्या पाव आण्यावर बसलेला नंदी आला. जुन्या घरांत देव्हाऱ्यातल्या डबीत अजून एखादा नंदीचा पैसा निघतो, पाठीवरचं वशिंड झिजून सपाट झालेलं पण बसण्याची ऐट तशीच.

मधे एक नाणं मात्र वेगळंच पडलं. यशवंतराव होळकरांचा शके १७२८ चा, म्हणजे १८०६ च्या सुमाराचा रुपया. त्याच्यावर नागरी अक्षरांत संस्कृत श्लोक आहेत. एका बाजूला इंद्रप्रस्थाच्या राजाच्या प्रसादाने ही मुद्रा केली असं, म्हणजे बादशहाचा मान ठेवलाय, पण फारसीत नाही, आणि दुसऱ्या बाजूला "यशवंतस्य विख्याता मुद्रैषा पृथिवीतले". हे वाचताना कानात "शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते" वाजतंच. इंग्रजांशी लढून थकलेला माणूस, १८०५ च्या शेवटी तह झालेला, आणि लगेच पुढे असं नाणं. याला मी तरी नुसतं चलन म्हणणार नाही, हा नाण्याच्या आकाराचा शिक्का आहे, आणि तसंही मुद्रा या शब्दात दोन्ही आहेच.

निशाणाची गोष्ट निराळी. लांबून धुळीत दिसलं पाहिजे एवढंच त्याचं काम, त्यामुळे त्यावर अक्षर नाही, श्लोक नाही, देव नाही. मराठी फौजेत भगवा होता, मानाचा जरीपटका होता, हत्तीवरच्या मोठ्या निशाणाला तर ढाल असाच शब्द होता. होळकरांचं निशाण लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, तिकोनी. परंपरा अशी सांगते की मल्हारराव तरुणपणी खानदेशात मामाकडे, तळोद्याला होते, कदम बांडे सरदारांच्या पागेत चाकरीला, आणि त्या बांड्यांच्या निशाणावरून हे घेतलं. पुढे मल्हारराव बांड्यांपेक्षा कितीतरी मोठे झाले तरी निशाण बदललं नाही. मला या सगळ्या पार्श्वभूमीत ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. भाच्याचा पहिला ड्राफ्ट आला त्यात झेंड्यावर सूर्य, राजवाडा, नदी, मेट्रो आणि खाली गावाचं नाव दोन लिप्यांत. त्याला म्हटलं दोनशे पावलांवरून बघ, भिया, काय दिसतंय ते सांग. म्हणे एक डाग.

मग १८१८ आलं. महिदपूरची लढाई डिसेंबर १८१७ मधेच हरली होती, आता मंदसौरचा तह झाला, गादी इंदूरला आली, आणि खरं सांगायचं तर राजधानी म्हणून आजचं इंदूर तिथून सुरू होतं. त्यानंतर साठ वर्षांनी एक मोठा बदल इंग्रजांनी केला. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबार झाला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि संस्थानिकांना रेशमी बॅनर वाटले, प्रत्येकावर त्याचं त्याचं राजचिन्ह. ही चिन्हं केली बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर नावाच्या साहेबाने. पद्धत सगळी युरोपची, मधे ढाल, दोन बाजूंना दोन प्राणी, खाली फितीवर ब्रीद. आपली ढाल हत्तीवर फडकायची आणि त्यांची ढाल कागदावर, त्यामुळे जे काही आपल्याकडे वेगवेगळं होतं, नाण्यावरचा सूर्य, देवळातला नंदी, दफ्तरातलं संस्कृत, ते सगळं एका चौकटीत कोंबलं गेलं. शिक्का म्हणजे गोलात मधे चित्र ही आपल्या डोक्यातली कल्पना तिथून आलीय, भाच्याची आणि माझीही.

होळकरांच्या चिन्हात सूर्य आहे, एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला नंदी. आता मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, होळकरांचं कुलदैवत खंडोबा, मल्हारी मार्तंड, मार्तंड म्हणजेच सूर्य, घोडा त्याचा, आणि शंकराचा अवतार म्हणून नंदीही त्याचाच. साहेबाच्या हिशोबाने ते ढाल धरणारे दोन प्राणी, आपल्या हिशोबाने तो जेजुरीचा गड आहे. शिवाय गहू आणि खसखशीची बोंडं, कारण माळव्याचा पैसा तेव्हा या दोन पिकांवर उभा होता, आणि अफूचा व्यापार म्हणजे काही लपूनछपून करायची गोष्ट नव्हती, सरकारी महसूल होता. हे चिन्ह आहे तसं आजच्या पोलिसाच्या बाहीवर आणलं तर नार्कोटिक्सवाल्यांची पंचाईत होईल.

आणि ब्रीद. "प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्". पहिला शब्द वाचतानाच जीभ अडखळते, ती संधी आहे, प्राह अधिक उमेशः, उमेचा ईश म्हणाला. म्हणजे इथेही बोलतोय शंकरच, अहिल्याबाईंच्या "श्री शंकर"चाच धागा. पण मजा शेवटच्या शब्दात आहे. इंग्रजीत याचा अर्थ दिला गेला की जो प्रयत्न करतो त्याला यश मिळतं, आणि संस्कृतात प्रारब्ध म्हणजे सुरू केलेलं, हाती घेतलेलं काम, तेव्हा अर्थ बरोबरच आहे. मराठीत मात्र प्रारब्ध म्हणजे नशीब! आमची आजी ते वाचून म्हणायची, बघ, होळकरांनीसुद्धा लिहून ठेवलंय, प्रारब्धात असेल तर लक्ष्मी मिळते. म्हणजे एकाच ओळीतून साहेबाला उद्योग दिसला आणि आजीला नशीब. हे चिन्ह जवळून बघायचं असेल तर लालबागला जावं, तिथलं मोठं लोखंडी गेट बकिंगहॅम पॅलेसच्या गेटच्या धर्तीवर इंग्लंडमधे घडवून आणलेलं, त्याच्यावर आहे. लोक तिथे पाठ करून सेल्फी घेतात.

आता बिल्ला. हा तिघांत सगळ्यात गरीब, आणि याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. बाहीवर कापडी पॅच ही फारच अलीकडची गोष्ट. आधी होती ती चपरास. पितळेची ताटली, पट्ट्यात ओवलेली, कमरेला नाहीतर खांद्यावरून तिरकी छातीवर. चपरास लावतो तो चपराशी, पट्टा लावतो तो पट्टेवाला, माणसाचं नावच बिल्ल्यावरून पडलं. आणि या बिल्ल्याला खरंच काम होतं, कारण इंदूरच्या अंगालाच इंग्रजांची रेसिडेन्सी, थोडं पुढे महूची छावणी, तिथे होळकरांचा हुकूम चालत नसे, त्यामुळे समोर उभा राहिलेला शिपाई कोणाचा हे त्याच्या पितळेवरून कळायला हवं. आमच्याकडे रामबागेतल्या एका आत्याकडे अशी एक चपरास पेपरवेट म्हणून होती. तळहाताएवढी, लंबगोल, मागे दोन कड्या डाखलेल्या, त्यातली एक तुटकी. रोज घासून घासून अक्षरं पार गेलेली, कडेचा आकडाही अर्धा, मधला सूर्य तेवढा उरला होता कारण तो उठावाचा होता. त्याचंही नाक चपटं झालेलं.

पुढचं पटकन सांगतो. २८ मे १९४८ ला संस्थानं एकत्र करून मध्य भारत हे राज्य झालं, ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख, इंदूरचे होळकर उपराजप्रमुख, फौज आणि पोलीस दोन्ही संस्थानाकडून गेलं. २६ जानेवारी १९५० ला अशोकस्तंभाचे सिंह आले, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश. राज्याच्या चिन्हात वडाचं झाड, गहू आणि भाताच्या लोंब्या, भोवती चोवीस स्तूप. म्हणजे गहू टिकला, खसखस गेली. पोलिसांचं ब्रीद आता "देशभक्ति-जनसेवा", संधी सोडवायची गरज नाही. आणि सिंहांचं चिन्ह वाटेल त्याने वापरू नये यासाठी २००५ चा कायदा आहे, तेव्हा शहराच्या शिक्क्यात सिंह टाकायचा मोह भाच्याने सोडावा हे बरं.

हे सगळं त्याला दोन हप्त्यांत ऐकवलं. त्याने झेंडा लाल-पांढरा, बिनअक्षरी ठेवला. शिक्क्यात चित्रच काढलं नाही, नुसती ओळ, अष्टकोनात, आणि कागदाच्या तळाशी वेगळं छोटं मोर्तब. त्याच्या सरांना ते अपुरं वाटलंय म्हणे. पॅचवर सूर्य आहे. तीन इंचांत भरतकाम करून आणलं तर सूर्याचे डोळे दोऱ्यात बुजले, नाक-तोंड एकात एक मिसळलं, थेट आत्याच्या पेपरवेटसारखं. आता विचारतोय, हे सुधारू का असंच देऊ.