उंची-एन्कोडर व ट्रान्सपाँडर : जोडणीतील दोषशोधन

विमानाची उंची ट्रान्सपाँडरपर्यंत (रडारला उत्तर देणाऱ्या विमानातल्या उपकरणापर्यंत) पोहोचवणाऱ्या तारा, पिना आणि स्टॅटिक नळी (बाहेरच्या हवेचा दाब आत आणणारी नळी) यांतील बिघाड हुडकण्याची पद्धत. एन्कोडर बाहेरच्या हवेचा स्थिर दाब मोजतो आणि त्यावरून निघालेली उंची सांकेतिक रूपात ट्रान्सपाँडरला देतो. जमिनीवरच्या दुय्यम रडारने १,०३० मेगाहर्ट्‌झवर विचारणा केली, की ट्रान्सपाँडर १,०९० मेगाहर्ट्‌झवर ती उंची कळवतो. हवाई वाहतूक नियंत्रक विमानांमधले उभे अंतर याच आकड्यावरून राखतो. उंची दिसलीच नाही तर त्याला निदान ते कळते. चुकीची उंची मात्र खरीच वाटते, म्हणून ती अधिक घातक.

जुन्या पद्धतीच्या जोडणीत गिलहॅम संकेत वापरतात. त्यात ए१, ए२, ए४, बी१, बी२, बी४, सी१, सी२ आणि सी४ या नऊ तारा लागतात. ३०,८०० फुटांपासून वर डी४ ही दहावी. ए, बी आणि डी गटांतल्या तारा ५०० फुटांचा टप्पा ठरवतात, सी गटातल्या तारा त्या टप्प्यातली १०० फुटांची पायरी. संकेताची रचना अशी, की प्रत्येक पायरीला एकाच तारेची स्थिती बदलते. त्यामुळे बदलाच्या क्षणीही मोठी चूक होत नाही. तार तुटली की मात्र हीच रचना चमत्कारिक आकडे दाखवते, आणि ते आकडे नीट वाचले तर दोषी तार बहुतेक वेळा पॅनेल उघडण्याआधीच सापडते.

ए४ची तार तुटली आहे असे धरू. २,७०० फुटांपर्यंत सगळे बिनचूक दिसते, कारण तोवर ए४ची गरजच पडत नाही. त्यानंतर विमान चढत असताना आकडा उतरू लागतो : ३,००० फुटांवर २,५००, ४,००० वर १,५००, ५,००० वर ५००. खरी आणि कळवलेली उंची मिळून ५,५०० होते. ६,८०० फुटांवर आकडा एकदम १४,७०० वर उडी घेतो. सी२ तुटली असेल तर लक्षण अगदी वेगळे. ५०० च्या प्रत्येक पटीवर उंची गायब होते, कारण तिथे सी गटातली एकटी सी२च चालू असते आणि सी गट पूर्ण बंद असलेला संकेत अवैध ठरतो. तिच्या अलीकडे-पलीकडे १०० फुटांची चूक येते : २,९०० चे २,८०० आणि ३,१०० चे ३,२००. म्हणून हातात पकड घेण्याआधी स्टॅटिक चाचणी-संचाने (जमिनीवरच नळीतला दाब बदलून उंचीचा आभास देणाऱ्या उपकरणाने) उंची हळूहळू वाढवत खऱ्या व कळवलेल्या आकड्यांचा तक्ता करावा. दाब झपाट्याने बदलल्यास चढ-उतार दर्शकाला इजा होते. इथे घाई अजिबात नको.

उंची मुळीच येत नसेल तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. बऱ्याच एन्कोडरांना तापायला काही मिनिटे लागतात आणि तोवर ते गप्प असतात. ट्रान्सपाँडरची कळ उंची कळवण्याच्या स्थानी आहे का, एन्कोडरला वीज व ग्राउंड मिळते का, हेही तपासावे. स्ट्रोबची (उंची पाठव असे एन्कोडरला सांगणाऱ्या संकेताची) तार तुटली की एन्कोडर सुरू असूनही काही पाठवत नाही. ट्रान्सपाँडर एकच असेल आणि तो स्ट्रोब वापरत नसेल, तर एन्कोडरची ती पिन ग्राउंड करायची असते.

मल्टिमीटर लावताना एक गोष्ट विसरू नये. एन्कोडर स्वतः व्होल्टेज देत नाही. चालू तार तो फक्त ग्राउंडला ओढतो आणि व्होल्टेज येते ट्रान्सपाँडरकडून. त्यामुळे कनेक्टर काढून एन्कोडरच्या पिना मोजल्या तर हाती काही लागत नाही. जोडलेल्या स्थितीत चालू तार जवळपास शून्यावर असते, बंद तारेवर काही व्होल्ट दिसतात. सगळ्या उंचींवर शून्यच दाखवणारी तार बहुधा कुठेतरी ग्राउंडला लागलेली असते : कनेक्टरमधला सोल्डरचा थेंब, सुटलेला क्रिंप (दाबून बसवलेला सांधा), किंवा त्याच तारांवर जोडलेले दुसरे बंद उपकरण. या शेवटच्या कारणासाठी प्रत्येक तारेत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालतात. त्याची पट्टी एन्कोडरच्या बाजूला.

नव्या सिरियल जोडणीत (जिथे संकेत एकामागून एक पाठवले जातात) तारा कमी, पण तिथे पाठवण्याचा वेग किंवा संदेशाचा साचा दोन्हीकडे वेगळा असल्यास उंची येत नाही. ग्राउंडची सामाईक तार राहून गेल्यासही तेच होते.

आकडा ठरावीक फरकाने चुकत असेल तर तारांना दोष देऊ नये. एन्कोडर नेहमी १,०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावरून उंची काढतो. तुलनेपूर्वी अल्टिमीटरही (वैमानिकासमोरचा उंचीमापक) त्याच दाबावर आणावा लागतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला २७-२८ फूट पडतात. एवढे करूनही फरक उरला, तर स्टॅटिक नळीची गळती किंवा एन्कोडरचे समायोजन तपासावे. अमेरिकी नियमांनुसार अल्टिमीटर व एन्कोडर यांच्यात १२५ फुटांपर्यंतचा फरक चालतो. दुरुस्तीनंतरची चाचणी विमानाच्या कमाल उंचीपर्यंत, चढताना व उतरताना अशी दोन्ही वेळा घ्यावी. एकाच उंचीवर आकडा जुळला म्हणून ए४सारखा दोष गेला असे ठरत नाही.