पिल्लाची लंगडी आणि गुडघ्याची वाटी

घरी येऊन आठवडाही न झालेले पॉमेरेनियनचे पिल्लू गुळगुळीत फरशीवरून जेवणाच्या भांड्याकडे धावत सुटते, मध्येच मागचा एक पाय पोटाशी आखडून घेते, तीन-चार पावले लंगडी घालते, मग तोच पाय मागे ताणून झटकते आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चारही पायांवर धावू लागते. पाहणाऱ्यांना ही त्याची लकब वाटते आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. प्रत्यक्षात त्या दोन-तीन सेकंदांत बहुधा गुडघ्याची वाटी जागेवरून सरकलेली असते आणि पाय ताणल्यावर परत जागी बसलेली असते. तो व्हिडिओ मात्र पुसू नये, कारण दवाखान्यातल्या टेबलावर घाबरून उभे राहिलेले पिल्लू अशी लंगडी क्वचितच घालून दाखवते.

मांडीच्या पुढच्या भागातील जाड स्नायू खाली गुडघ्याशी येताना कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीत, रूपांतरित होतो आणि वाटी हे या कंडरेतच गुंफलेले एक लहानसे हाड आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर, पुढच्या अंगाला, एक उभी खोबण असते. पाय वाकताना आणि सरळ होताना वाटी या खोबणीतून वरखाली सरकते, तर तिच्या खालच्या टोकापासून निघालेला अस्थिबंध नडगीच्या हाडावरील उंचवट्याला घट्ट जोडलेला असतो. विहिरीवरच्या कप्पीतून दोर जावा तशीच ही रचना आहे. ओढणारा स्नायू, कप्पीची खोबण आणि दोर जिथे बांधला आहे तो उंचवटा हे तिन्ही एका रेषेत असतील तोवर काम बिनबोभाट चालते; रेषा कलली की दोर काठ ओलांडून कप्पीवरून उतरतो. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, माल्टीज अशा छोट्या जातींत वाटी बहुतेक वेळा पायाच्या आतल्या बाजूला उतरते आणि पुष्कळदा दोन्ही पायांत हा दोष आढळतो. एखाद्या उडीने किंवा आपटल्याने वाटी सरकल्याची उदाहरणे आहेत, पण ती थोडी. बहुतेक पिल्लांत हाडांची ठेवणच आनुवंशिकतेने तशी आलेली असते आणि वाढीच्या काळात ती उघड होत जाते. त्यामुळे सोफ्यावरून उडी मारू दिली म्हणून मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही.

या दोषातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाढीशी निगडित आहे. खोबण जन्मतः पुरेशी खोल नसते. वाटी तिच्यातून सतत सरकत राहते, कूर्चेवर (हाडाच्या टोकावरील मऊ, लवचीक थरावर) दाब देत राहते आणि त्या दाबामुळेच खोबणीला खोली येते. वाटी बाहेरच राहत असेल तर खोबण उथळ राहते आणि खोबण उथळ म्हणून वाटी आणखी सहज निसटते. शिवाय हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांवर एका बाजूने जास्त दाब पडला की ती बाजू हळू वाढते, दुसरी वेगाने वाढते आणि हाड कमानीसारखे वाकू लागते. प्रौढ कुत्र्यात जो दोष वर्षानुवर्षे जवळपास आहे तसाच राहू शकतो, तो वाढत्या पिल्लात काही आठवड्यांत रूप बदलू शकतो.

म्हणून ‘वाटी सरकते’ एवढे निदान अपुरे आहे. ती किती सरकते हे कळले पाहिजे. त्यासाठी १९६८ साली पुटनॅम यांनी मांडलेली आणि १९६९ साली सिंगल्टन यांनी सुधारलेली चार पायऱ्यांची श्रेणी आजही वापरली जाते. पहिल्या श्रेणीत वाटी बोटाने ढकलली तर सरकते आणि सोडताच परत जागी येते. दुसरीत ती अधूनमधून आपोआप सरकते आणि पाय ताणल्यावर किंवा हाताने बसवल्यावर परत येते. सुरुवातीला वर्णिलेली लंगडी बहुधा हिचीच. तिसरीत वाटी बहुतेक काळ बाहेरच असते, हाताने बसवता येते, पण टिकत नाही. चौथीत ती हातानेही बसत नाही आणि अशी पिल्ले मागचे पाय वाकवून, खुरडल्यासारखी चालतात.

ही श्रेणी ठरते ती हाताने. पशुवैद्य पिल्लाला शक्यतो उभे असतानाच तपासतात, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत वाटी धरतात, गुडघा सरळ करतात, पंजा किंचित आत वळवतात आणि वाटी आतल्या बाजूला हलकेच ढकलून पाहतात. ती काठावरून उतरताना बोटांना बारीकसा टक् असा धक्का जाणवतो. पिल्लाची वाटी जेमतेम हरभऱ्याच्या डाळीएवढी, त्यामुळे या कामाला सराव लागतो आणि घरच्यांनी हा प्रयोग करून पाहू नये. दोन महिन्यांच्या पिल्लात वाटीचे कूर्चेतून हाडात रूपांतर नुकते कुठे सुरू होत असते, म्हणून त्या वयातील एक्स-रेमध्ये ती धड दिसतही नाही. लसीकरणासाठी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दवाखान्यात जावे लागतेच. प्रत्येक वेळी दोन्ही गुडघे तपासून श्रेणी लसीच्या पुस्तिकेत तारखेसह लिहून घ्यावी. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे, यावरून पुढचे बरेच काही ठरते.

पहिल्या श्रेणीतील आणि त्रास न देणाऱ्या दुसऱ्या श्रेणीतील पिल्लांना सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. त्यांचे वजन आटोक्यात ठेवणे हा त्यांच्यासाठी सर्वांत मोठा उपचार आहे आणि आपल्याकडे नेमका तोच अवघड जातो, कारण तीन किलोच्या कुत्र्याला चहाबरोबर दिलेली दोन बिस्किटे कोणी जेवणात धरत नाही. फरशीवर पिल्लाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा न घसरणारी पायपुसणी अंथरावी, पंजांखाली वाढलेले केस कापावेत आणि स्नायू बळकट राहतील इतपत रोज चालवावे. संतुलित खाद्य खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियमचे औषध पाजल्याने वाटी जागेवर राहत नाही आणि तेलाच्या मालिशनेही राहत नाही. घरातील आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत मात्र ‘मोठे झाले की बघू’ हे धोरण महागात पडते, कारण मोठे होणे हीच तेथे अडचण असते. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यात खोबण खोल करणे, नडगीवरील उंचवटा कापून योग्य रेषेत बसवणे, सैल झालेली बाजू आवळणे आणि ताठरलेली बाजू मोकळी करणे, यांपैकी आवश्यक ते सारे एकाच शस्त्रक्रियेत केले जाते. वाढत्या पिल्लात उंचवटा हलवला तर तेथील वाढीची पट्टी दुखावते, म्हणून शल्यचिकित्सक मऊ ऊतींवरील आणि खोबणीवरील मर्यादित काम आधी करून उरलेले वाढ संपल्यावर करण्याचा पर्याय तपासतात. पुढे सहा ते आठ आठवडे उड्या, जिना आणि मोकळे धावणे बंद असते. पिल्लाला चौथ्या दिवशीच बरे वाटू लागते, त्यामुळे हा काळ पिल्लापेक्षा घरच्यांना जड जातो. श्रेणी जितकी वरची, तितकी वाटी पुन्हा सरकण्याची शक्यता अधिक, हेही आधीच विचारून घ्यावे.

पिल्लू विकत घेतल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याची तपासणी करून लेखी निष्कर्ष घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. केनेल क्लबच्या कागदावर वंशावळ असते, गुडघ्यांची हमी नसते, हे विकत घेणारे हमखास विसरतात. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था वाटीचे प्रमाणपत्र कुत्रा बारा महिन्यांचा झाल्यावरच देते, पण पिल्ले नव्या घरी जाण्याआधी, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, एकदा तपासावीत असेही सुचवते. भारतात कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, म्हणजे ही तपासणी ब्रीडरकडेच करून घ्यायला पुरेसा वेळ असतो. दोष आढळल्यास ब्रीडरला तो लेखी कळवावा. पैसे परत मिळोत वा न मिळोत, त्याच जोडीची पुढची वीण घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी त्याच्या हाती असलेली ही सर्वांत खात्रीची माहिती असते. आणि असा दोष असलेल्या आपल्या पिल्लाचीही वीण पुढे घेऊ नये, मग शस्त्रक्रियेनंतर ते कितीही झोकात चालत असो.