समारोपपट

टीव्हीवर किंवा वेबवर भागाभागांनी चाललेली गोष्ट ज्या चित्रपटात संपवली जाते, तो समारोपपट. मालिकेवरून निघालेला प्रत्येक चित्रपट या सदरात बसत नाही. ‘खिचडी’चा चित्रपट २०१० साली आला, पण पारेख कुटुंबाचं पुढे काय होणार या काळजीने तोवर कुणाची झोप उडाली नव्हती. समारोपपटामागे जुनी उधारी असते. प्रेक्षकाला मध्येच उठवलेलं असतं आणि त्याला ते लक्षात असतं.

‘फायरफ्लाय’ या अमेरिकी मालिकेचे चौदा भाग तयार होते. फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये त्यांतले अकरा दाखवून ती गुंडाळली. डीव्हीडी मात्र हातोहात खपल्या आणि २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट आला. खरी अडचण सुरुवातीचीच होती. मालिका तोंडपाठ असलेला आणि काहीच न पाहिलेला, दोघेही एकाच रांगेत बसलेले. त्यावरची तोड पाहण्यासारखी आहे. गोष्टीतला कप्तान आपल्या अंतराळजहाजातून चालत निघतो, कॅमेरा त्याच्या मागोमाग. वाटेत एकेक सोबती भेटतो, दोन वाक्यांची कुरबूर होते, की पुढचा. नवख्याची ओळख होते, जुन्याला घरी आल्यासारखं वाटतं. पुढे त्याच सोबत्यांपैकी दोघे मारले जातात; त्यावरून चाहते अजून रुसलेले आहेत.

‘व्हेरोनिका मार्स’ ही अमेरिकी मालिका २००७ मध्ये बंद पडली. तिच्या चित्रपटासाठी २०१३ मध्ये नव्वद हजारांवर लोकांनी वर्गणी काढली, सुमारे ५७ लाख डॉलर जमले. एवढं करूनही तो शेवट टिकला नाही. २०१९ मध्ये मालिकेचा चौथा हंगाम आलाच. त्याच वर्षी आलेल्या ‘डेडवुड’ मालिकेच्या चित्रपटाने मात्र तेरा वर्षांपूर्वी तुटलेला धागा नीट बांधला.

पंजाबीत या प्रकाराचा विचार यूट्यूबपासून करावा लागतो. रॅबी टिवाणा यांची ‘यार जिगरी कसूती डिग्री’ २०१८ मध्ये ट्रोल पंजाबी या यूट्यूब वाहिनीवर आली, दुसरा हंगाम २०२० मध्ये. पार्श्वभूमी पतियाळ्याच्या पंजाबी विद्यापीठाची, गोष्ट तिथल्या मित्रांच्या कंपूची. नावातल्या ‘कसूती’चा धारवाडी कशिद्याशी संबंध नाही. पंजाबीत कसूता म्हणजे वाकडा, अडचणीत टाकणारा. आपण ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो त्याच्या नेमका उलट. म्हणजे यार जिवाभावाचे, त्रास काय तो डिग्रीचा.

अशा मालिकेचा प्रेक्षक ती फुकट पाहतो. मोबाइल उशाला टेकवून, हवी तिथे थांबवून, आवडता प्रसंग चारदा मागे घेऊन. समारोपपट त्याच माणसाला तिकीट काढून, ठरल्या वेळी थिएटरात बोलावतो. मोठा पडदा आणि भरलेलं सभागृह एवढं जास्तीचं मिळतं खरं, पण रचना पार बदलावी लागते. मालिकेत दुय्यम पात्रालाही अख्खा भाग देता येतो. चित्रपटात त्याच्या वाट्याला जेमतेम एक प्रसंग. आणि जीव टांगणीला लावून थांबायची जी सोय मालिकेत दर भागाच्या शेवटी होती, ती आपल्याकडच्या थिएटरात एकदाच मिळते, मध्यंतराला.